तोकडी वीत

सभा जूनमध्ये, बंदी लागल्यावर.
होड्या ताडपत्रीखाली, माणसं मोकळी,
म्हणून भांडायला भरपूर वेळ.
भाटीच्या सोसायटीत पंखा एक, नाखवे चाळीस,
आणि विषय: केवढं पापलेट धरायचं, केवढं नाही.

सरकारचा कागद होता, मिलिमीटरमध्ये.
पहाटे चारला, ओल्या हातांनी, हलत्या फळीवर
मिलिमीटर कोण वाचणार?
गजू म्हणाला, वीत धरा.
मग कुणाची वीत, यावर दीड तास.

काशिनाथ तांडेलाचा पंजा म्हणजे सूप.
त्याच्या वितीएवढं पापलेट आमच्या डोलीत
शेवटचं कधी आलं, हे सांगायला
कुणी जिवंत नव्हतं.

सगळ्यात लहान हात शोधा, मागून कुणीतरी.
हसले सगळे.
दाराशी हरकूबाय, बर्फाच्या पावत्या घेऊन उभी,
आत ये म्हटलं नव्हतं कुणी.
उजवी करंगळी अर्धी,
शिंगाळ्याचा काटा लागून पिकलेली, कूपरमध्ये कापलेली.
अंगठ्यापासून थोटकापर्यंत, एवढीशी वीत.
ठराव एकमताने. अनुमोदक मी.
आम्हाला वाटलं, कायद्याला गंडवलं.

वीत ठरली तर हात धक्क्यावर लागणार,
हे लक्षात आलं ऑगस्टमध्ये.
हातामागून बाई येते, हे त्यानंतर.

गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळाला बॅटरी,
ती पाटी पालथी करायला लावायची.
वरचं मावरं बघायचीच नाही.
पहिला दंड माझा. सतरा पिल्लं.
बाराशे रुपये, आणि एक उधाण जाळं कोरडं.
मी म्हणालो, काकी, मेलीच आहेत, आता कुणासाठी?
"मेली म्हनून तं दंड. जिती असती तं सोरली असती."
मी म्हणालो, बाहेर पर्ससीनवाले दिवे लावून
रात्रभर उपसतात,
आपण सोडलेलं त्यांच्याच जाळ्यात.
यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.
ती गप्प बसून पुन्हा मोजत राहिली.
सतराची अठरा निघाली.

पंच होते, पाटील होते,
पण बर्फ तिच्याकडे होता.
दंड न भरणाऱ्याला लादी नाही.
तिच्या दिराची 'हरबाप्रसाद' तीन उधाणं
बर्फावाचून बांधलेली;
पिल्लं रात्री टेम्पोने ससून डॉकला जात होती,
हे सगळ्या वाडीला ठाऊक, बोललं कुणी नव्हतं.
त्या साली पुतणीच्या हळदीला तिला बोलावणं नाही.
भिंतीपलीकडचा बेंजो तिने बारापर्यंत ऐकला असणार.
चारला धक्क्यावर होती.

मावरं वाढलं का?
कुणी म्हणतं थोडं, कुणी म्हणतं तेच.
व्यापारी म्हणतो, पाटी जड लागते.
व्यापाऱ्याचं काय ऐकायचं.
एवढं खरं, की कांताने जाळ्याचा खोला बदलला,
कुणी न सांगता,
आणि विचारलं तर म्हणाला, जुना उंदरांनी खाल्ला.

गुडघे गेल्यावर तिने लिलावाच्या ओट्यावर हात टेकला,
गजूने भोवती ऑइलपेंटची रेघ मारली.
आता मावरं त्या हातावर ठेवून बघतात.
दर बंदीत होड्या रंगवून उरलेला रंग
पोरं त्या रेघेवर फिरवतात,
कधी निळा, कधी शेंदरी,
आणि पोरांचा ब्रश, थोडा बाहेर जातोच.

यंदा काशिनाथने तक्रार केली:
हा हात तिचा नाही, हा वाढलाय.
तिला खुर्चीसकट उचलून आणलं.
तिने वाकून पंजा रेघेत ठेवला.
चारही बाजूंनी बोटभर जागा उरली.
करंगळीच्या जागी तर जास्तच,
कुठल्या तरी पोराने पुरी करंगळी काढून टाकलेली.
ती बघत राहिली.
रंग अजून ओला होता, हाताला लागला.
लुगड्याला पुसत म्हणाली,
"रऊं दे."